जनरेट झालेल्या कोबोलमध्ये हातानं बदल करायचे की मॉडेलमध्येच? (सीए जेन, मेनफ्रेम)

निशिगंध_पु

नमस्कार. इथे मेनफ्रेमवाले बरेच आहेत म्हणून विचारते.

दिवाळीनंतर मला एका परदेशी विमा कंपनीच्या पॉलिसी सिस्टिमच्या मेंटेनन्सवर टाकलंय. आधी मी साधं कोबोल, डीबी२ (डेटाबेस), सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारं) एवढंच केलेलं. इथे आल्यावर कळलं की यातलं कोबोल कुणी हातानं लिहिलेलंच नाही, सगळं सीए जेन या मॉडेलवरून कोड काढणाऱ्या टूलमधून निघालंय. मॉडेलमध्ये एंटिटी (पॉलिसी, हप्ता असे डेटाचे घटक) काढायच्या, अ‍ॅक्शन डायग्राम (लॉजिकच्या पायऱ्या) भरायचे, जनरेट म्हणायचं, कोबोल तयार. आधीचा व्हेंडर जाताना केटीच्या (काम समजावून देण्याच्या) नावाखाली काही पीपीटी आणि एक जुनी एक्सेल देऊन गेला. एक्सेलमधली अर्धी मॉड्यूल्स आता अस्तित्वातही नाहीत.

परवा एक तिकीट आलं. नूतनीकरणाची पत्रं काढणारा रात्रीचा बॅच आहे, त्यात एक अट वाढवायची. बदल अगदी चिल्लर. पण प्रॉडक्शनचा सोर्स उघडला तर मधोमध, सातव्या कॉलमात चांदणी मारून, कॅपिटलमध्ये लिहिलंय: ‘डू नॉट रीजेन’, म्हणजे पुन्हा जनरेट करू नका. खाली कुणाची तरी आद्याक्षरं आणि २०११ ची तारीख. त्याखाली वीसेक ओळींचा इफ. रद्द झालेल्या पॉलिसी वगळायचं लॉजिक आहे. मॉडेलमध्ये जाऊन तोच अ‍ॅक्शन ब्लॉक (लॉजिकचा एक तुकडा) बघितला तर तिथे या वीस ओळींचा पत्ता नाही.

टीम लीड म्हणतात, ‘सरळ कोबोलमध्येच टाक, कंपाइल मार, संध्याकाळपर्यंत मोकळी होशील. नाहीतरी क्लायंट जेनचं लायसन्स दोन वर्षांत सोडणार, मग राहणार कोबोलच.’ ऐकायला बरोबर वाटतं. पण मी रीजनरेट केलं तर २०११ चा पॅच उडणार, आणि नाही केलं तर माझाही पॅच त्याच्या शेजारी जाऊन बसणार. यातून गेलेलं कुणी आहे का? नक्की सुरुवात कुठून करू?

कावळा_नाका

ताई, टीम लीडचं ऐकू नका. तोंडावर तसं सांगायची गरज नाही, पण ऐकू नका.

मी या टूलच्या मॉडेलांवर त्याचं नाव आयईएफ होतं तेव्हापासून पोट भरतोय. जेम्स मार्टिन यांच्या इन्फर्मेशन इंजिनिअरिंगच्या पद्धतीवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं ते १९८० च्या दशकात काढलं. पुढे कंपोझर झालं. १९९७ मध्ये स्टर्लिंग सॉफ्टवेअरकडे गेलं आणि कूल:जेन झालं, २००० मध्ये सीए या कंपनीनं स्टर्लिंगच घेतली, २०१८ मध्ये ब्रॉडकॉमनं सीए घेतली. पाटी इतक्यांदा बदलली, तरी त्या काळातलं मॉडेल, वेळच्या वेळी अपग्रेड करत आणलं असेल तर, आजही उघडतं आणि आजच्या मशिनवर चालणारा कोड देतं. तुमच्या क्लायंटचे पैसे त्या मॉडेलमध्ये अडकलेत. कोबोल ही त्याची झेरॉक्स आहे, आणि झेरॉक्सवर खाडाखोड करून सातबारा बदलत नाही.

आता तुमच्या लीडचा मुद्दा: ‘शेवटी कोबोलच राहणार’. त्यांना एकदा ते कोबोल वाचायला बसवा. अ‍ॅक्शन डायग्राममध्ये पॉलिसी वाचायची तर काय असतं? रीड पॉलिसी, व्हेअर डिझायर्ड पॉलिसी नंबर इज इक्वल टू इम्पोर्ट पॉलिसी नंबर. व्हेन सक्सेसफुल, हे कर. व्हेन नॉट फाउंड, ही एक्झिट स्टेट दे. संपलं. कुठलाही विम्याचा माणूस वाचू शकेल. याच चार ओळींचं कोबोलमध्ये पानभर होतं: आकड्यांच्या नावाचे पॅराग्राफ, आकड्यांच्या शेपट्या लावलेली फील्डं, फील्डागणिक स्टेटस फ्लॅग, एसक्यूएलकोडच्या (डेटाबेसच्या उत्तराच्या) तपासण्या. ते माणसानं वाचावं म्हणून काढलेलंच नाही. कंपायलरला समजलं की त्याचं काम झालं.

आणि हातचा पॅच रात्री कसा नडतो ते ऐका. बॅच पडला की जॉब लॉगमध्ये टीआयआरएम०३०ई येतं, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन फेल, अपडेट्स बॅकआउट. त्याच्या खाली ०३३ मध्ये अ‍ॅक्शन ब्लॉकचं नाव, ०३४ मध्ये शेवटचं डेटाबेस स्टेटमेंट, ०३५ मध्ये चालू असलेल्या स्टेटमेंटचा नंबर. हा नंबर कोबोलच्या ओळीचा नसतो, अ‍ॅक्शन डायग्रामच्या ओळीचा असतो. जनरेट झालेला कोड प्रत्येक स्टेटमेंटच्या आधी तो नंबर एका ठिकाणी लिहून ठेवतो. तुमच्या पॅचला नंबरच नाही! पॅचमध्ये काही फुटलं की लॉग आधीच्या स्टेटमेंटचा नंबर दाखवणार, आणि ऑनकॉलवरचा पोरगा ज्या ओळीत काहीच चुकलेलं नाही तिच्याकडे पहाटेपर्यंत डोळे फाडून बघत बसणार. तीच गत मॉडेल पुढे गेलं आणि लोड मॉड्यूल (कंपाइल होऊन प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम) जुनं राहिलं तर. नंबर जुन्या डायग्रामचा, समोर उघडलेला डायग्राम नवा.

म्हणून पहिलं काम तिकीट नाही. पहिलं काम हे: प्रॉडक्शनमध्ये जे चालतंय ते याच मॉडेलमधून निघालंय का, हे सिद्ध करायचं. प्रॉडक्शन मॉडेल घ्या, वेगळ्या लायब्ररीत जनरेट करा, जेनचे ऑप्शन तेच ठेवा, आणि प्रॉडच्या सोर्सशी डिफ (ओळीओळीचा फरक) काढा. फाइलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये जनरेट केल्याची तारीख-वेळ वगैरे असते, तेवढं सोडून द्या. बाकीचं जुळलं पाहिजे. जिथे प्रॉडचा सोर्स कुणी ठेवलाच नाही, तिथे लोड मॉड्यूलमधली कंपाइलची तारीख आणि मॉडेलमधली त्या ब्लॉकच्या शेवटच्या बदलाची तारीख शेजारी शेजारी मांडा. मॉडेलला कुणी हात लावलेला नाही आणि कंपाइल मात्र अलीकडचं, असं दिसलं की संशय घ्यायचा. नुसतं रीकंपाइलही असू शकतं, पण तपासायचं.

एका बॅचनं सुरुवात करू नका, अख्खी बिझनेस सिस्टिम काढा. डिफ कंटाळवाणा असतो. पण तो हातात असला की क्लायंटसमोर बोलायला तोंड राहतं.

जुळलं नाही ते तीन ढिगांत पडेल. काही हातचे पॅच, तुमच्यासारखे. काही मॉडेलमध्ये बदललं पण प्रॉडला गेलंच नाही असं. आणि उरलेलं सगळं जेनचं रिलीज बदलल्यामुळे कोड जरा वेगळा निघाला म्हणून, ते निरुपद्रवी.

याशिवाय दोन-तीन जागा सांगतो, जिथे साधे कोबोलवाले हमखास ठेचकाळतात.

एक्स्टर्नल अ‍ॅक्शन ब्लॉक. जेन त्याचा फक्त सांगाडा काढून देतं, आतलं कोबोल हातचं. ते एनसायक्लोपीडियात (जेनची मॉडेलं साठवायच्या भांडारात) नसतं. आधीचा व्हेंडर गेला म्हणता, मग त्या सोर्सची लायब्ररी कुणाच्या आयडीखाली होती ते आजच बघा. आयडी बंद झाला की डेटासेटही साफसफाईत जातात.

कॉमन अ‍ॅक्शन ब्लॉक. तो अनेक ठिकाणांहून वापरला जातो. त्याच्या इम्पोर्ट व्ह्यूला (बाहेरून आत येणाऱ्या माहितीच्या यादीला) एक अ‍ॅट्रिब्यूट वाढवलं की त्याला यूज करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी व्ह्यू मॅचिंग पुन्हा बघावं लागतं आणि ते सगळे ब्लॉक पुन्हा जनरेट करावे लागतात. त्यात स्टॅटिक लिंक असेल तर प्रत्येक लोड मॉड्यूलच्या पोटात जुन्या ब्लॉकची स्वतंत्र प्रत बसलेली असते. ऑनलाइनला नवं लॉजिक, बॅचला जुनं, आणि दोघे एकाच पॉलिसीचा हप्ता वेगळा सांगतात. असे बग मी डेटाची चूक समजून महिनोन् महिने चघळलेले बघितलेत.

आणि रेफरेन्शियल इंटिग्रिटी (आरआय). हे नीट वाचा. जेनमध्ये ठरवता येतं की नात्यांची शिस्त डीबी२ नं पाळायची की जेनच्या कोडनं. जुन्या मॉडेलांत बऱ्याचदा जेनकडे दिलेली असते. म्हणजे पॉलिसी डिलीट केली की तिच्या खालची कव्हरं, नॉमिनी, हप्ते उडवायचं काम जेननं जनरेट केलेली आरआय ट्रिगरची मॉड्यूल्स करतात. नाव ट्रिगर असलं तरी ते डेटाबेसमधले ट्रिगर नव्हेत, साधी कोबोल मॉड्यूल्स आहेत. डीबी२ च्या कॅटलॉगमध्ये फॉरेन की शोधाल तर सापडणार नाही. मग कुणीतरी हुशार माणूस स्पूफीमधून (डीबी२ वर थेट एसक्यूएल चालवायच्या स्क्रीनवरून) किंवा हातच्या कोबोलमधून थेट डिलीट मारतो, टेबल गप्प बसतं, आणि पॉलिसी नसलेले हप्ते लटकत राहतात. वर्षअखेरीस अकाउंट्स जुळत नाहीत तेव्हा बोंब होते. डेटा मॉडेलमध्ये नवं नातं जोडलं आणि ही मॉड्यूल्स पुन्हा जनरेट केली नाहीत तरी तेच. तुमच्या टीमपैकी कुणाला आरआयची लायब्ररी कुठे आहे हे माहीत आहे का, विचारून बघा. उत्तरावरून टीमची प्रकृती कळेल.

‘डू नॉट रीजेन’ लिहिणाऱ्याला नावं ठेवू नका. त्यानं निदान लिहिलं तरी.

टॉमकॅट_आणि_ताक

मी उलट बाजूचा, म्हणून बोलतो.

आमच्याकडे जावाचं होतं, अँड्रोएमडीएवर, म्हणजे यूएमएल आकृत्यांवरून जावा कोड काढणाऱ्या टूलवर. मॅजिकड्रॉमध्ये यूएमएल काढायचं, क्लासवर ‘एंटिटी’, ‘सर्व्हिस’ असे स्टिरिओटाइप लावायचे, मेव्हन चालवायचं. कार्ट्रिजमधल्या (एकेका फ्रेमवर्कसाठीच्या टेम्प्लेट-संचातल्या) व्हेलॉसिटी टेम्प्लेटमधून हायबरनेटची मॅपिंग, डीएओ (डेटाबेसशी बोलणारे क्लास), स्प्रिंगच्या सर्व्हिस, स्ट्रट्सची पानं सगळं निघायचं. २००६-०७ च्या सुमारास हे फार भारी वाटायचं. पुढे स्ट्रट्स १ चं आयुष्य २०१३ मध्ये अधिकृतपणे संपलं आणि आमची पानं तर त्याच कार्ट्रिजमधून निघत होती. नवं फ्रेमवर्क हवं तर नवं कार्ट्रिज हवं, आणि ते लिहिणारं कंपनीत कुणी उरलं नव्हतं. मॉडेलची फाइल उघडायला मॅजिकड्रॉचं लायसन्स लागायचं, ते दोघांकडेच. साधा कॉलम वाढवायचा तरी त्यांच्या मागे फिरायचं. दोघांनी एकाच वेळी फाइल बदलली की गिटमध्ये मर्ज होत नव्हतं, कारण झिप केलेलं एक्सएमएल.

शेवटी आम्ही जनरेट झालेला सगळा कोड टार्गेट फोल्डरमधून उचलून सोर्समध्ये टाकला, गिटला कमिट केला आणि प्लगइन काढून टाकलं. आता साधं जावाचं प्रोजेक्ट आहे. नवीन मुलं आठवड्यात कामाला लागतात. बेस क्लास आणि इम्प्ल क्लास अशी विनाकारण दुमजली रचना अजून आहे, ती येता-जाता सपाट करतो.

त्यामुळे ताईंच्या लीडचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. टूल मरणार असेल तर वेळेवर बाहेर पडलेलं बरं.

कावळा_नाका

टॉमकॅट, तुमचं तुमच्या जागी बरोबर. तुमचं जमलं याची दोन कारणं. एक, अँड्रोएमडीएच्या लोकांनी हातच्या कोडला वेगळी खोली आधीच दिली होती. बेस दर वेळी नव्यानं निघतो, इम्प्ल एकदाच निघतो आणि मग टूल त्याला शिवत नाही. तुमचं बिझनेस लॉजिक पहिल्यापासून इम्प्लमध्ये, जावातच होतं. मॉडेलमध्ये होता तो नुसता सांगाडा. दुसरं, निघालेला जावा वाचता येत होता.

जेनमध्ये लॉजिकच मॉडेलमध्ये असतं. हप्ता कसा मोजायचा, सवलत कुणाला, सगळं अ‍ॅक्शन डायग्राममध्ये. तुम्ही सांगाडा टाकला आणि मांस ठेवलं. इथे मॉडेल टाकलं तर काय उरतं ते वर लिहिलंय.

एक मात्र तुम्ही गमावलंत. टेम्प्लेटमध्ये एक ओळ बदलली की सगळे डीएओ एका दमात बदलायचे, ते आता हातानं. पण तुमच्या आकाराच्या प्रोजेक्टला ते परवडतं हे मान्य.

आपल्याकडे हे शहाणपण नवीन नाही, बरं का. हडपसरला टीआरडीडीसी या टीसीएसच्या संशोधन केंद्रात मास्टरक्राफ्ट तयार झालं, तेही मॉडेलमधून कोड काढणारंच. पुण्यात त्यावर काम केलेले लोक शोधलेत तर हेच सांगतील की टूल शिकणं सोपं, शिस्त पाळणं अवघड.

अ‍ॅमस्टेलवीनकर

मी क्लायंटच्या बाजूला बसते, सिस्टिम अशीच, जेनचीच. म्हणून लायसन्सबद्दल लिहिते.

‘दोन वर्षांत सोडणार’ हे वाक्य मी आमच्या मॅनेजमेंटच्या तोंडून कायम ऐकत आलेय आणि लायसन्स अजून चालू आहे. सोडायला पर्यायी सिस्टिम लागते, ती कुणी बांधलेली नसते. त्यामुळे दोन वर्षांसाठी म्हणून केलेला जुगाड कितीही वर्षं चालू शकतो, हे धरूनच काम करा.

समजा खरंच सोडलं. तर करार काढून एक गोष्ट वाचायला सांगा: जनरेट केलेला कोड जेनच्या रनटाइम रुटीन्सना कॉल करतो, नुसत्या कोबोलवर तो उभा राहत नाही. टूल सोडल्यावर ती रनटाइम वापरायचा हक्क राहतो का? तुमच्या लीडना वाटतं की कोबोल म्हणजे फुकट. तसं नसतं.

आणि बाहेर पडायचंच असेल तर मॉडेलमधून बाहेर पडा. जेनचं मॉडेल वाचून जावा किंवा सी# काढून देणारी मंडळी आहेत. जेन स्वतःही जावा जनरेट करतं. सगळ्यांना मॉडेल बरोबर असावं लागतं. प्रॉडक्शनमध्ये गुपचूप बसलेले वीस-वीस ओळींचे इफ त्यात येणार नाहीत, आणि नवी सिस्टिम चालू झाल्यावर रद्द पॉलिसीवाल्यांना पत्रं जातील. मग सगळे नव्या सिस्टिमला शिव्या देतील.

हल्ली आमच्याकडे एक नवीन टूम आहे. जनरेटेड कोबोल एआयला देऊन ‘बिझनेस रूल काढून दे’ म्हणायचं. ज्या गोष्टीचा मूळ मजकूर शेजारच्या खोलीत आहे ती तर्कानं ओळखायला का लावायची? द्यायचंच तर अ‍ॅक्शन डायग्रामचा प्रिंट द्या. आमच्या एका आर्किटेक्टला हे पटवायला दोन मीटिंगा गेल्या.

निशिगंध_पु

सगळ्यांचे खूप आभार. कावळा काका (काका म्हटलं तर चालेल ना?), डिफ काढायला घेतला. लीडना ‘इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस’ म्हणून सांगितलं, लगेच परवानगी मिळाली.

पूर्ण व्हायचाय, पण नूतनीकरणाचा भाग बघून झाला. गंमत म्हणजे २०११ चा तो पॅच मॉडेलमध्ये आहे! पण डेव्हलपमेंट मॉडेलमध्ये. तिथे कुणीतरी तीच अट नीट इफ स्टेटमेंट घालून लिहिलीये, शिवाय ‘स्थगित’ हा वेगळा स्टेटसही धरलाय, जो कोबोल पॅचमध्ये नाही. बदल प्रॉडक्शन मॉडेलला मायग्रेट करायचाच (तिकडे न्यायचाच) राहून गेला, आणि म्हणून वरती ‘डू नॉट रीजेन’. आरआयबद्दल विचारलं तर टीममध्ये एकालाच माहीत होतं, आणि तो नोटीस पिरियडवर आहे.

आता प्रश्न: डेव्हमधून तेवढा अ‍ॅक्शन ब्लॉक प्रॉड मॉडेलमध्ये मायग्रेट करू, की प्रॉडमध्ये हातानं ती अट पुन्हा लिहू?

कावळा_नाका

काका चालेल. कावळा नको.

मायग्रेट करा, पण डोळे मिटून नको. अ‍ॅक्शन ब्लॉक एकटा येत नाही. त्याच्या व्ह्यूमधली एंटिटी-अ‍ॅट्रिब्यूटं, तो ज्यांना यूज करतो ते ब्लॉक, एक्झिट स्टेट, हे प्रॉड मॉडेलमध्ये असावे लागतात. नसतील तर मायग्रेशन अडेल, किंवा तुम्ही अ‍ॅग्रिगेट सेटमध्ये (सोबत न्यायच्या गोष्टींच्या यादीत) एकेक टाकत जाल आणि डेव्हमधलं अर्धवट काम सोबत ओढून आणाल. डेव्हमध्ये पॉलिसीला नवीन अ‍ॅट्रिब्यूट आलं असेल आणि प्रॉडच्या टेबलात तो कॉलम नसेल, तर बाइंडच्या (प्रोग्राम डीबी२ शी जोडायच्या) वेळी कळेल. तेवढं उशिरा कळायला नको. आधी दोन्ही मॉडेलांचा कम्पेअर रिपोर्ट काढा, त्या ब्लॉकपुरता. फक्त तो इफ वेगळा असेल तर मायग्रेट. बरंच काही वेगळं असेल तर प्रॉड मॉडेलमध्ये चेकआउट घेऊन हातानं अट लिहा. मात्र डेव्हमधून पुढे मोठं मायग्रेशन येईल तेव्हा तुमच्या ब्लॉकवर त्यांचा ब्लॉक बसणार आहे, ते डेव्हवाल्यांना लेखी कळवून ठेवा.

‘स्थगित’चं स्वतःच्या मनानं ठरवू नका. कोबोलप्रमाणे इतकी वर्षं स्थगित पॉलिसींना पत्रं जात आलीत. क्लायंटच्या बिझनेस माणसाला विचारा की जायला हवीत का. आणि स्थगित हा स्टेटस प्रॉड मॉडेलमध्ये त्या अ‍ॅट्रिब्यूटच्या परमिटेड व्हॅल्यूजमध्ये (चालणाऱ्या व्हॅल्यूंच्या यादीत) आहे का तेही बघा. नसेल आणि तुम्ही वाढवलात, तर ते फील्ड दाखवणाऱ्या सगळ्या स्क्रीन पुन्हा जनरेट कराव्या लागतील. मग हे तिकीट चिल्लर राहत नाही, एस्टिमेट बदलून घ्या.

नोटीसवरच्या माणसाला उद्याच चहाला न्या, आणि जाताना वही न्या.